बातमीची सनद : राजकीय दाव्यांची पडताळणी आणि आपली जबाबदारी

सूरह अल्-हुजुरातच्या सहाव्या आयतीत अल्लाहने श्रद्धावंतांना एक स्पष्ट आदेश दिला आहे. एखादा अविश्वासार्ह मनुष्य काही खबर घेऊन आला तर तिची नीट शहानिशा करावी. अन्यथा अजाणतेपणी आपल्या हातून एखाद्या समूहाची हानी होईल आणि मागाहून पश्चात्ताप करण्याची वेळ येईल, असा त्या आदेशाचा आशय आहे. या शहानिशेसाठी कुरआनने 'तबय्युन' हा शब्द वापरला आहे. गोष्ट उजेडात आणणे, ती स्वच्छ दिसेपर्यंत पाहणे, हा त्याचा अर्थ. बातमी ऐकूच नये असे येथे म्हटलेले नाही. ती खोटीच मानावी असेही म्हटलेले नाही. ऐकणे आणि मान्य करणे या दोहोंच्या मध्ये एक पायरी आहे, तिच्यावर थांबा, एवढेच सांगितले आहे.

तफसीरकारांनी या आयतीची जी पार्श्वभूमी नोंदवली आहे, ती मुळात एका राजकीय बातमीचीच आहे. बनू मुस्तलिक या कबिल्याकडे जकात गोळा करण्यासाठी पाठवलेला मनुष्य अर्ध्या वाटेवरून परतला आणि त्या लोकांनी जकात नाकारली, ते आपल्या जिवावर उठले, असे त्याने मदीनेत सांगितले. त्या एका सांगण्यावरून एका कबिल्यावर फौज चालून जाण्याची वेळ आली होती. चौकशीअंती बातमी निराधार ठरली. आयतीत हानीचा उल्लेख 'एखाद्या समूहाची' असा आहे, हे लक्षात घेण्यासारखे आहे. सर्वसामान्य खोट्याने एखाद्या माणसाचे नुकसान होते. राजकीय खोट्याने संपूर्ण वस्ती भरडली जाते.

वाचक बंधु-भगिनींनो, आज अशी खबर घेऊन येणारा मनुष्य दारात उभा राहत नाही. तो खिशातल्या मोबाईलमध्ये असतो, आणि दिवसातून पन्नास वेळा येतो. म्हणून या लेखात आपण दोन गोष्टी पाहणार आहोत : राजकीय दावा कसा तपासावा, आणि तो तपासण्यासाठी भरवशाची साधने इंटरनेटवर कोठे मिळतात.

हुदहुदची बातमी

सूरह अन्-नम्लमध्ये हजरत सुलैमान (अलै.) यांचा प्रसंग आला आहे. हुदहुद पक्षी सबा देशाहून परत आला आणि त्याने खात्रीची म्हणून एक बातमी सांगितली : तेथे एक स्त्री राज्य करते, तिच्याजवळ सर्व वैभव आहे आणि तिची प्रजा सूर्यापुढे नतमस्तक होते. शेजारच्या राज्याविषयीची ही बातमी होती, तीही आपल्याच पदरच्या सेवकाने आणलेली. तरीही हजरत सुलैमान (अलै.) यांनी ती ऐकून सैन्य हलवले नाही. तू खरे बोललास की खोट्यांपैकी आहेस ते आम्ही पाहू, असे त्यांनी त्याला सांगितले. मग एक पत्र देऊन त्याला परत पाठवले आणि ते लोक काय उत्तर देतात ते बाजूला राहून पाहण्याची आज्ञा केली.

या प्रसंगात पडताळणीची पूर्ण पद्धत आली आहे. बातमी देणारा आपला आहे म्हणून ती खरी मानली गेली नाही. ती विलक्षण आहे म्हणून फेटाळलीही गेली नाही. बातमी जिच्याविषयी होती, थेट तिच्याकडेच विचारणा झाली. आजच्या भाषेत बोलायचे तर दाव्याच्या मूळ ठिकाणी जाऊन लेखी कागद पाहिला गेला. पुढे ज्या साधनांची माहिती येईल, त्या सर्वांचे काम याहून निराळे नाही.

सनद आणि मतन

सत्य निवडण्यासाठी आपल्या पूर्वसूरींनी एक संपूर्ण शास्त्र उभे केले, याची आठवण येथे ठेवली पाहिजे. हदीसचे दोन भाग असतात : सनद, म्हणजे सांगणाऱ्यांची साखळी, आणि मतन, म्हणजे सांगितलेली गोष्ट. इमाम मुस्लिम (रह.) यांनी आपल्या 'सहीह'च्या प्रस्तावनेत ताबिई विद्वान इब्ने सीरीन (रह.) यांचे एक निरीक्षण नोंदवले आहे. प्रारंभी लोक सनद विचारीत नसत. पण समाजात फितना उद्भवला, तेव्हा ज्यांच्याकडून ऐकले त्या माणसांची नावे सांगा, असे विचारले जाऊ लागले, असा त्याचा आशय आहे. फितना म्हणजे येथे राजकीय यादवी. गट पडले, प्रत्येक गटाला आपल्या बाजूच्या वचनांची गरज भासू लागली, आणि तेव्हाच सनद विचारणे आवश्यक झाले. राजकीय असत्याला उत्तर म्हणून हे शास्त्र बळकट झाले, असे म्हटले तर ते वावगे ठरणार नाही.

त्याच प्रस्तावनेत प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांची अशी शिकवण आली आहे की, ऐकलेले सर्व काही पुढे सांगत सुटणे, एवढे कृत्यही मनुष्याला खोटा ठरवण्यास पुरेसे आहे. येथे स्वतः खोटे रचणाऱ्याविषयी बोललेले नाही. केवळ ऐकलेले पुढे ढकलणाऱ्याविषयी बोललेले आहे. 'मी फक्त फॉरवर्ड केले' ही सबब या शिकवणीपुढे टिकत नाही.

मतन तपासण्याचे काम पुढे इब्ने खल्दून यांनी इतिहासाच्या प्रांतात नेले. आपल्या 'मुकद्दमा' या ग्रंथात त्यांनी बातम्यांत खोटे का शिरते याची कारणे दिली आहेत, आणि त्यांत आपल्या मताविषयी व गटाविषयी असलेला पक्षपात हे प्रमुख कारण सांगितले आहे. मन एखाद्या बाजूला कललेले असले की त्या बाजूची बातमी ते क्षणात स्वीकारते. प्राचीन लढायांतील सैन्याचे लाखोंचे आकडे त्यांनी साध्या प्रश्नाने तपासले : एवढे सैन्य त्या प्रदेशात मावले असते काय, त्याला रसद पुरली असती काय? आपल्या मोबाईलवर येणाऱ्या प्रत्येक आकड्याला असाच एक साधा प्रश्न विचारता येतो.

राजुरा मतदारसंघाचे उदाहरण

आता आपण आपल्याच परिसरातील एक दावा घेऊ. चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा विधानसभा मतदारसंघात राजुरा, कोरपना, जिवती आणि गोंडपिपरी हे तालुके येतात. नोव्हेंबर २०२४ च्या निवडणुकीत येथे भारतीय जनता पक्षाचे देवराव भोंगळे यांनी काँग्रेसचे सुभाष धोटे यांचा ३,०५४ मतांनी पराभव केला. पुढे १८ सप्टेंबर २०२५ रोजी राहुल गांधी यांनी दिल्लीतील पत्रकार परिषदेत राजुऱ्याचे नाव घेतले आणि येथे ६,८५० नावे बनावट रीतीने मतदार यादीत घातली गेली, असा आरोप केला. त्यावर राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या कार्यालयाने खुलासा केला : १ ते १७ ऑक्टोबर २०२४ या काळात नव्या नोंदणीचे ७,५९२ अर्ज आले, पडताळणीत संशय आल्याने ६,८६१ अर्ज नाकारण्यात आले, आणि १९ ऑक्टोबर २०२४ रोजी राजुरा पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदवण्यात आला.

या दिवसांत कोरपना, गडचांदूर, जिवती येथील प्रत्येकाच्या मोबाईलवर हे दोन्ही संदेश आले असतील. एक म्हणतो, 'सहा हजार बोगस मते पडली.' दुसरा म्हणतो, 'सर्व काही खोटे होते.' दोन्ही संदेशांत आकडा जवळपास तोच आहे, पण त्याचा अर्थ अगदी निराळा आहे. एकाच्या मते ती नावे यादीत शिरली. दुसऱ्याच्या मते ती दारातच अडवली गेली. अशा वेळी दावा एकसंध गिळू नये. त्याचे तुकडे करावेत आणि प्रत्येक तुकड्याला स्वतंत्र प्रश्न विचारावा.

पहिला प्रश्न : मोठ्या संख्येने संशयास्पद अर्ज आले होते काय? हे दोन्ही बाजूंना मान्य आहे आणि पोलिसांत गुन्हाही नोंद आहे. तेव्हा 'सर्व काही खोटे होते' हा संदेश येथेच गळून पडतो.

दुसरा प्रश्न : ती नावे यादीत आली काय? वाद आहे तो येथे. पण हा वाद कागदावर तपासता येण्यासारखा आहे. मतदार यादी सार्वजनिक असते. ती भागवार प्रसिद्ध होते आणि तिच्या शेवटी पुरवणी यादीत नवी, वगळलेली व दुरुस्त केलेली नावे स्वतंत्र दिलेली असतात. आलेल्या अर्जांतून नाकारलेले अर्ज वजा केले तर ७३१ उरतात. त्यांचे काय झाले, हेही पुरवणी यादीवरून पाहता येते.

तिसरा प्रश्न : त्यामुळे निकाल बदलला काय? ६,८५० हा आकडा ३,०५४ पेक्षा मोठा आहे एवढ्यावरून ते सिद्ध होत नाही. नाव यादीत असणे, त्या नावावर मत पडणे आणि ते विशिष्ट उमेदवाराला पडणे, या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत. पहिलीचा पुरावा दुसरीसाठी चालत नाही.

चौथा प्रश्न : अर्ज कोणी भरले? याचे उत्तर आपल्या मोबाईलमध्ये नाही. ते तपास यंत्रणा आणि न्यायालयाचे काम आहे. तेथे आपण कोणा एका पक्षाचे, कोणा एका माणसाचे नाव घेऊन मोकळे होणे म्हणजे पुराव्याविना आरोप करणे होय.

अनोळखी नाव म्हणजे बोगस नाव नव्हे

या प्रकरणातील खरा धोका आकड्यांत नाही. तो माणसांच्या नजरेत आहे. कोरपना तालुका सिमेंट कारखान्यांचा आहे. गडचांदूर, आवारपूर, उपरवाही येथे काम करण्यासाठी दूरदूरच्या राज्यांतून मजूर आले, काही स्थायिक झाले. शेजारी तेलंगणाची सीमा आहे. जिवती तालुक्यातील १४ सीमावर्ती गावांवर तर दोन्ही राज्यांनी आपापला दावा सांगितलेला आहे. येथे मराठीबरोबर गोंडी, कोलामी, तेलुगू, उर्दू, बंजारा आणि हिंदी बोलली जाते. अशा तालुक्यात 'बोगस मतदार' हा शब्द हवेत सुटला की लोक यादीतील अनोळखी आडनावांवर बोट ठेवू लागतात.

कायदा काय सांगतो? लोकप्रतिनिधित्व अधिनियम १९५० नुसार जो भारतीय नागरिक वयाची अठरा वर्षे पूर्ण करून एखाद्या ठिकाणी सर्वसाधारणपणे राहतो, तो तेथील मतदार होऊ शकतो. त्याचे आडनाव कोणत्या प्रांतातील आहे, तो कोणती भाषा बोलतो, याला येथे जागा नाही. म्हणून यादीत अपरिचित नाव दिसले तर ते फोटो काढून गटावर टाकणे हा पडताळणीचा मार्ग नव्हे. मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याला विचारावे. खरोखरच आक्षेप असेल तर नमुना ७ भरावा. तेथे आक्षेप घेणाऱ्याला स्वतःचे नाव द्यावे लागते, आणि ज्याच्यावर आक्षेप आहे त्याला आपले म्हणणे मांडण्याची संधी मिळते. आरोप करणाऱ्याने जबाबदारी घ्यावी आणि आरोपिताचे ऐकले जावे, हे तत्त्व शरीअतलाही मान्य आहे.

मूळ कागद कोठे मिळतात

आता साधनांकडे वळू. नियम एकच आहे : दाव्याविषयी कोणी काय म्हटले हे वाचण्यापूर्वी, दाव्याचा मूळ कागद पाहावा.

मतदार यादी व निवडणूक निकाल. मुख्य निवडणूक अधिकारी, महाराष्ट्र यांच्या संकेतस्थळावर जिल्हा, मतदारसंघ आणि यादी भाग निवडून मतदार यादी छायाचित्राविना उतरवून घेता येते. राजुरा मतदारसंघाचा क्रमांक ७० आहे. स्वतःचे नाव भारत निवडणूक आयोगाच्या मतदार सेवा संकेतस्थळावर शोधता येते. कोणत्या मतदान केंद्रावर कोणाला किती मते पडली, हे 'नमुना २०' या तक्त्यात असते. 'अमुक गावात एका उमेदवाराला शून्य मते पडली' असा संदेश आला, तर तो तक्ता उघडून पाहणे पाच मिनिटांचे काम आहे. जुनी यादी संकेतस्थळावर मिळाली नाही, तर माहितीचा अधिकार अधिनियम २००५ अन्वये दहा रुपये शुल्क भरून अर्ज करता येतो. उत्तरासाठी सर्वसाधारण मुदत ३० दिवसांची आहे.

उमेदवाराची माहिती. प्रत्येक उमेदवाराने नमुना २६ मध्ये शपथपत्र देणे बंधनकारक आहे. त्यात त्याच्यावरील फौजदारी खटले, मालमत्ता, कर्ज आणि शिक्षण यांची माहिती असते. मतदारांना हा हक्क मिळाला तो सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ व २००३ मधील निर्णयांमुळे. त्यासाठी असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स ही संस्था न्यायालयात गेली होती. तीच संस्था 'मायनेता' या संकेतस्थळावर ही शपथपत्रे सोप्या रीतीने मांडते. पण शंका असेल तेव्हा आयोगाच्या संकेतस्थळावरील मूळ शपथपत्राची प्रत पाहावी. आणखी एक भेद ध्यानात ठेवावा : खटला दाखल असणे आणि दोषी ठरणे एक नव्हे.

शासनाचे निर्णय. 'सरकारने अमुक योजना बंद केली', 'तमुक समाजाला सवलत दिली' असे संदेश नेहमी येतात. महाराष्ट्र शासनाचा प्रत्येक शासन निर्णय त्याच्या संकेतस्थळावर ठेवला जातो. त्याच्या शेवटी एक लांबलचक संकेतांक असतो आणि तो डिजिटल स्वाक्षरीने साक्षांकित असल्याची नोंद असते. संदेशाबरोबर आलेल्या कागदावर संकेतांक नसेल, किंवा तो टाकून शोधल्यावर निराळाच निर्णय उघडत असेल, तर तो कागद पुढे पाठवू नये. ग्रामपंचायतीचा आराखडा आणि खर्च 'ई-ग्रामस्वराज' या संकेतस्थळावर गावाच्या नावाने दिसतो. संसदेतील प्रश्न व मंत्र्यांची लेखी उत्तरे संसदेच्या संकेतस्थळावर असतात.

लोकसंख्येचे आकडे. निवडणुकीच्या हंगामात मुस्लिम लोकसंख्येविषयीचे संदेश हमखास येतात. अनेक संदेशांची सुरुवात '२०२१ च्या जनगणनेनुसार' अशी असते. २०२१ मध्ये व्हायची जनगणना त्या वर्षी झालीच नाही. तेव्हा असा संदेश पहिल्याच ओळीत नापास होतो. जन्मदराविषयी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे अहवाल पाहावेत. १९९२-९३ च्या पहिल्या सर्वेक्षणात मुस्लिम स्त्रियांचा एकूण प्रजनन दर सुमारे ४.४ आणि हिंदू स्त्रियांचा ३.३ होता. २०१९-२१ च्या पाचव्या सर्वेक्षणात तो अनुक्रमे २.३६ आणि १.९४ झाला. म्हणजे दोन्ही समाजांचा दर घटला, मुस्लिमांचा अधिक वेगाने घटला, आणि अंतर बरेच कमी झाले. येथे प्रामाणिकपणे हेही मान्य केले पाहिजे की, मुस्लिमांचा दर अद्याप किंचित अधिक आहे. आपल्याला सोयीचा अर्धा भाग सांगून उरलेला झाकणे ही पडताळणी नव्हे.

पडताळणी करणाऱ्यांची पडताळणी

प्रत्येकाला प्रत्येक वेळी मूळ कागदापर्यंत जाता येत नाही. त्यासाठी तथ्य तपासणाऱ्या संस्था आहेत. फॅक्ट क्रेसेंडो, न्यूजचेकर आणि विश्वास न्यूज यांच्या मराठी आवृत्त्या आहेत. ऑल्ट न्यूज आणि बूम इंग्रजी व हिंदीत काम करतात. आपल्या भागात सीमेपलीकडून तेलुगू संदेशही येतात. त्यांच्यासाठी हैदराबादची फॅक्टली ही संस्था तेलुगू व इंग्रजीत लिहिते.

पण या संस्थांवरही डोळे झाकून विश्वास टाकू नये. हदीसच्या विद्वानांनी 'जरह व तअदील' हे शास्त्र निर्माण केले, ज्यात बातमी सांगणाऱ्याचीच परीक्षा होते. ती कसोटी येथे लावावी. संस्था आपल्या पुराव्याचा दुवा देते काय, की नुसता 'खोटे' असा शिक्का मारते? तिला पैसा कोठून मिळतो हे ती जाहीर करते काय? चूक झाल्यास उघडपणे दुरुस्ती करते काय? सर्व पक्षांचे दावे तपासते, की एकाच पक्षाचे? तथ्य तपासणीच्या आंतरराष्ट्रीय जाळ्याने २०१६ मध्ये जी आचारसंहिता ठरवली, तिच्यातही निःपक्षपात, स्रोतांची पारदर्शकता, निधीची पारदर्शकता आणि दुरुस्तीचा प्रामाणिकपणा हेच मुद्दे आहेत. एकाच दाव्यावर दोन-तीन संस्था स्वतंत्रपणे एकाच निष्कर्षाला आल्या असतील, तर तो अधिक बळकट मानावा. मात्र त्या सर्वांनी एकमेकांचेच वाक्य उतरवलेले असेल, तर ती साक्ष एकच मोजावी.

केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाचा 'पीआयबी फॅक्ट चेक' हाही एक स्रोत आहे. बनावट योजना, खोटी परिपत्रके, नोकरभरतीच्या फसव्या जाहिराती ओळखण्यासाठी तो उपयोगी पडतो. पण तो सरकारविषयीच्या दाव्यांवर सरकारचेच उत्तर देतो, हे विसरू नये. एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने माहिती तंत्रज्ञान नियमांत बदल करून सरकारच्या कामकाजाविषयीची माहिती खोटी की खरी हे ठरवण्याचा अधिकार सरकारी तथ्य तपासणी कक्षाला देऊ केला होता. मुंबई उच्च न्यायालयात जानेवारी २०२४ मध्ये दोन न्यायमूर्तींची मते विभागली गेली; अखेर तिसरे न्यायमूर्ती अतुल चांदूरकर यांनी २० सप्टेंबर २०२४ रोजी ती दुरुस्ती घटनाबाह्य ठरवली. स्वतःविषयीच्या वादात स्वतःच न्यायाधीश होऊ नये, हे तत्त्व आपल्या फिकहच्या अभ्यासकांना नवे नाही.

छायाचित्र व चित्रफितीबाबत एवढेच सांगतो : गूगल लेन्ससारख्या साधनात चित्र टाकले की ते पूर्वी कोठे प्रसिद्ध झाले हे बहुधा दिसते, आणि अनेक खोटी छायाचित्रे तर जुनी किंवा परदेशातील निघतात. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनाला प्रश्न विचारून मिळालेले उत्तर हा पुरावा नसतो. त्याने सांगितलेला कागद प्रत्यक्ष उघडून पाहिल्यावरच तो पुरावा होतो.

आपल्याला आवडणारी बातमी

सर्वांत कठीण तबय्युन असते ते आपल्याला सुखावणाऱ्या बातमीचे. जुलै २०१६ मध्ये एक प्रमाणपत्र जगभर फिरले : युनेस्कोने इस्लामला जगातील सर्वांत शांतताप्रिय धर्म घोषित केले. असंख्य मुस्लिमांनी ते अभिमानाने पुढे पाठवले. ते एका विडंबन करणाऱ्या संकेतस्थळावरून आले होते, आणि युनेस्कोने आपण असे काहीही घोषित केलेले नाही, असा खुलासा केला. इस्लामला अशा कागदाची गरज काय होती? सत्य धर्माच्या समर्थनार्थ असत्य पसरवणे ही त्या धर्माचीच अवहेलना आहे.

सूरह अन्-निसाच्या १३५ व्या आयतीत न्यायासाठी खंबीरपणे उभे राहण्याचा आणि स्वतःविरुद्ध, आई-वडिलांविरुद्ध किंवा आप्तांविरुद्ध जावे लागले तरी खरी साक्ष देण्याचा आदेश आहे. सूरह अल्-माइदाच्या आठव्या आयतीत कोणा समूहाचे वैर तुम्हाला अन्यायाकडे नेऊ नये, असे बजावले आहे. या दोन्ही आयती एकत्र ठेवल्या तर नियम असा बनतो : आपल्या पसंतीच्या पक्षाविषयीची चांगली बातमी आणि नापसंतीच्या पक्षाविषयीची वाईट बातमी, या दोहोंना दुप्पट तपासावे.

हजरत आयशा (रजि.) यांच्यावर आळ घेतला गेला, तेव्हा प्रेषितांनी (सल्ल.) हजरत जैनब (रजि.) यांनाही विचारले. त्या दोघींत बरोबरीची स्पर्धा होती, असे स्वतः हजरत आयशा (रजि.) यांनीच पुढे सांगितले आहे. तरीही, मी माझे कान आणि डोळे जपते, मला त्यांच्याविषयी चांगल्याखेरीज काही ठाऊक नाही, अशा आशयाचे उत्तर हजरत जैनब (रजि.) यांनी दिले. प्रतिस्पर्ध्याविषयी न पाहिलेले न बोलणे, ही उंची आपल्या राजकीय चर्चांना लाभली पाहिजे.

असत्याची किंमत

हे सर्व केवळ शिष्टाचाराचे प्रश्न नाहीत. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठार केले. ते मंगळवेढ्याहून पोटासाठी आलेले लोक होते. १६ एप्रिल २०२० रोजी पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे अशाच अफवेतून दोन साधू आणि त्यांच्या वाहनचालकाचा बळी गेला. त्या निर्दोष जिवांचे रक्त वाळते न वाळते तोच दुसरी अफवा उठली : हे कृत्य मुस्लिमांनी केले. तेव्हा राज्याचे गृहमंत्री अनिल देशमुख यांनी अटक झालेल्या १०१ जणांची यादी प्रसिद्ध केली आणि त्यात एकही मुस्लिम नसल्याचे स्पष्ट केले. एका अफवेने तीन माणसे मारली. दुसरीने एका समाजाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले. दुसरीला उत्तर देऊ शकली ती घोषणा नव्हे, तर एक यादी, एक कागद.

'ठाऊक नाही' म्हणण्याचे धैर्य

सूरह अन्-निसाच्या ८३ व्या आयतीत शांततेची वा भीतीची बातमी मिळताच ती पसरवणाऱ्यांना दोष दिला आहे आणि ती जाणत्यांकडे नेली असती तर त्यांनी तिचे तथ्य शोधून काढले असते, असे म्हटले आहे. तेथे 'इस्तिंबात' या अर्थाचे क्रियापद आले आहे, आणि त्याचे मूळ विहीर खणून खालचे पाणी वर आणण्यात आहे. पाणी लागेपर्यंत खणावे लागते. कधी कधी खणूनही पाणी लागत नाही. तेव्हा 'मला ठाऊक नाही' असे म्हणून थांबणे, ज्याला आपले विद्वान तवक्कुफ म्हणतात, हाही एक आदरणीय निष्कर्ष आहे. राजुऱ्याच्या प्रकरणात तिसऱ्या आणि चौथ्या प्रश्नापाशी आपण असेच थांबलो.

ही सवय घरात आणि मशिदीत रुजवता येते. प्रत्येक कुटुंबातील एका मुलाने वा मुलीने मतदार यादी उघडणे, शपथपत्र पाहणे आणि शासन निर्णयाचा संकेतांक शोधणे शिकावे. जुमाच्या नमाजानंतर आठवड्यातील एका संदेशाची मूळ कागदासह तपासणी करावी. त्यात आपल्या बाजूचा संदेशही घ्यावा. कोणी संदेश पाठवला तर त्याला चारचौघांत खोटे पाडू नये. एकट्याला नम्रपणे कागद दाखवावा. जिवतीच्या डोंगरातील ज्या वाड्यांत मोबाईलला धड रेंज मिळत नाही, तेथील भावंडांसाठी तालुक्याला येणाऱ्याने यादीची छापील प्रत घेऊन जावी. हे काम केवळ मुस्लिमांसाठी करू नये. शेजारच्या कोलाम, गोंड, बौद्ध, हिंदू बांधवाचे नाव यादीत शाबूत आहे की नाही, हे पाहणेही शेजाऱ्याच्या हक्कात बसते.

सूरह बनी इस्राईलच्या ३६ व्या आयतीत ज्याचे ज्ञान नाही त्याच्या मागे लागू नये, असे सांगून कान, डोळे आणि अंतःकरण या तिन्हींविषयी जाब विचारला जाईल, असे बजावले आहे. आज या तिन्हींच्या जोडीला आपला अंगठाही आहे. तो पडद्यावर टेकण्यापूर्वी क्षणभर थांबावा आणि विचारावे : या बातमीची सनद काय?

अल्लाह आपणा सर्वांना सत्य ओळखण्याची, ते आपल्याविरुद्ध असले तरी मान्य करण्याची, आणि आपल्या जिभेपासून व हातापासून इतरांना सुरक्षित ठेवण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.